चांगले वागायला ख्रिस्त कशाला?



दरवर्षी 3 जानेवारीला आपल्या तालुक्यातील नायगावला माणसांची रीघ लागते. सावित्रीबाई फुले यांचा जन्म 1831 साली याच दिवशी त्या गावी झाला. आपल्या दृढीकरणाच्या वर्गातील मुले-मुलीही यंदा तेथे जाऊन आली. पुढच्या रविवारी वर्गात एका मुलीने हात वर केला आणि विचारले, "फादर, सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या. तरी त्या इतक्या चांगल्या होत्या. मग चांगले वागायला ख्रिस्ती असावे लागते का? आणि त्या स्वर्गात गेल्या असतील ना?"

वर्गात शांतता पसरली. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो आहोत, तरी त्या क्षणी चटकन उत्तर सुचले नाही. "पुढच्या वेळी बोलू" असे सांगून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न त्या मुलीचा एकटीचा नाही. आपल्यापैकी कित्येकांची आई, सासर, शेजारी, कारखान्यातले सोबती वेगळ्या धर्माचे आहेत आणि त्यांतले अनेक आपल्याहून मनाने मोठे आहेत. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमोर मांडत आहोत.

पहिला प्रश्न : ख्रिस्त न मानणारा माणूस खरोखर चांगला असू शकतो का?

होय, असू शकतो. हे आम्ही स्वतःच्या मनाने म्हणत नाही. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो की, ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही त्यांच्याही हृदयावर देवाने आपला नियम लिहिला आहे आणि त्यांचा विवेक त्याची साक्ष देतो. दुसऱ्या शतकातील संत जस्टिन हा तत्त्वज्ञ होता. ख्रिस्त हा देवाचा शब्द आहे आणि त्या शब्दाचे बीज सर्व मानवजातीत पेरलेले आहे, असे त्याने शिकवले.

सावित्रीबाईंच्या आयुष्यात या बीजाला काय फळ आले ते पाहा. 1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तेथे शिकवायला जाताना लोकांनी अंगावर शेण आणि चिखल फेकला, तरी त्या जात राहिल्या. 1897 साली पुण्यात प्लेगची साथ आली. माणसे आपल्याच घरातल्या रुग्णाला हात लावायला भीत होती. सावित्रीबाई आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत रुग्णांची सेवा करीत होते. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्याच साथीत त्यांना प्लेगची बाधा झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या ख्रिस्तसभेतही अशीच एक गोष्ट आहे. संत अलॉयसियस गोन्झागा हा तरुण येशूसंघीय रोममध्ये प्लेगच्या रुग्णांना उचलून रुग्णालयात नेत असे. त्यालाही तोच रोग जडला आणि 1591 साली, वयाच्या अवघ्या 23 व्या वर्षी, तो मरण पावला. एक संत आपल्या वेदीवरचा, एक माउली आपल्या तालुक्यातली. दोघांच्याही पाठीवर प्लेगचा रुग्ण. यातले एक कृत्य खरे आणि दुसरे खोटे असे म्हणणारा ख्रिस्ती माणूस आपले शुभवर्तमानच विसरला आहे.

दुसरा प्रश्न : मग चांगुलपणा येतो कोठून?

आता थोडा विचार करू. काही जण म्हणतात, चांगले-वाईट असे खरे काही नसतेच. समाज ज्याला चांगले म्हणतो ते चांगले. हे ऐकायला सोपे वाटते, पण 1848 सालच्या पुण्यात लावून पाहा. मुलीने शिकू नये हीच तेव्हा समाजाची रीत होती. समाज ठरवील ते चांगले, असे धरले तर शेण फेकणारे बरोबर आणि सावित्रीबाई चूक ठरतात. पण आज आपण सगळे एकमुखाने म्हणतो की त्या बरोबर होत्या. नुसत्या आज नव्हे, तेव्हाही बरोबर होत्या, जेव्हा त्यांच्या बाजूने मूठभर माणसेही नव्हती. म्हणजे समाजाच्याही वर एक माप आहे. त्या मापाने समाजालाच मोजता येते.

दुसरे काही जण म्हणतात, माणूस आपले कुळ टिकावे म्हणून एकमेकांना मदत करतो, तो निसर्गाचा स्वभाव आहे. यातही तथ्य आहे. आई लेकराला जपते, चिमणीही पिलांना जपते. पण परक्याच्या मुलाला, तेही समाजाने शिवू नये म्हटलेल्या मुलाला, स्वतःचा जीव धोक्यात घालून पाठीवर घ्यायला निसर्ग सांगत नाही. निसर्ग तर पळून जा म्हणतो. "घे" असे सांगणारा आवाज वेगळा आहे. आपण त्याला विवेक म्हणतो, आणि तो आपल्याशी हुकमाने बोलतो. नुसती माती माणसाला हुकूम करू शकत नाही. हुकूम आला म्हणजे त्यामागे कोणीतरी आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जोतिराव फुले निर्मिकाला मानीत. हे जग घडवणारा एक निर्माता आहे आणि सर्व माणसे त्याची लेकरे आहेत, ही त्यांची श्रद्धा होती. ते ख्रिस्ती झाले नाहीत आणि आपण त्यांना ओढूनताणून आपले म्हणू नये. पण माणसा-माणसांतली समता त्यांनी निर्मात्याच्या पायावर उभी केली, हे विसरूनही चालणार नाही.

या विचाराने त्रैक्य सिद्ध होत नाही की पुनरुत्थान सिद्ध होत नाही. तो आपल्याला फक्त दारापर्यंत आणून सोडतो. दार उघडणे हे देवाचे काम आहे.

तिसरा प्रश्न : मग ख्रिस्त कशाला?

याचे उत्तर देण्यासाठी एक गोष्ट सांगावी लागते. ती सांगताना संकोच वाटतो.

काही वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही साताऱ्याहून एका आजाऱ्याला रुग्णाभ्यंग देऊन परतत होतो. खंडाळ्यात सायंकाळच्या मिस्साची वेळ होत आली होती. खंबाटकीचा बोगदा मागे टाकून एस वळणावर आलो तेव्हा कडेला एक दुचाकी आडवी पडली होती आणि जवळच एक माणूस. दोन-तीन जण नुसते उभे होते. आम्ही गाडीचा वेग कमी केला. मनाशी म्हटले, माणसे आहेत, कोणीतरी नेईल. आणि पुढे निघालो. मिस्साला एक मिनिटही उशीर झाला नाही.

नंतर कळले की मागून आलेल्या एका भाजीच्या टेम्पोवाल्याने त्याला उचलून दवाखान्यात नेले आणि तो वाचला. टेम्पोच्या काचेवर विठोबाचे चित्र होते म्हणे.

लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आपण सर्वांनी ऐकला आहे. जखमी माणसाला पाहून याजक बाजूने निघून जातो, लेवीही जातो आणि परका शोमरोनी थांबतो. त्या गोष्टीवर आम्ही कितीदा प्रवचन केले आहे याची मोजदाद नाही. त्या दिवशी तो याजक आम्हीच होतो.

म्हणून, ख्रिस्त कशाला, याचे आमचे उत्तर असे आहे. चांगल्या माणसांना "तुम्ही चांगले" असा शिक्का देण्यासाठी ख्रिस्त आला नाही. काय करायला हवे हे कळते आणि तरी हातून होत नाही, अशा माणसासाठी तो आला. विवेक आपल्याला आज्ञा देतो, चुकल्यावर टोचतो. पण विवेक क्षमा करू शकत नाही. त्या टेम्पोवाल्याने आम्हाला आमचे कर्तव्य दाखवले. पण ते चुकल्याचे ओझे प्रायश्चित्त संस्कारात ख्रिस्तापुढे गुडघे टेकल्यावरच उतरले.

आणखी एक. पाठीवर घेतलेला प्रत्येक रुग्ण वाचतोच असे नाही, आणि घेणाराही वाचतो असे नाही. सावित्रीबाई गेल्या, अलॉयसियस गेला. प्रेम करणारा माणूस मातीत जाऊन संपतो, की त्याचे प्रेम कोठेतरी जमा होते? विवेक येथे गप्प बसतो. रिकामी कबर बोलते. देव स्वतः क्रुसाचे ओझे घेऊन चालला, मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला. म्हणून प्रेमापोटी दिलेला जीव वाया जात नाही, असे आपण ठामपणे म्हणू शकतो.

आणि त्या मुलीचा शेवटचा प्रश्न

सावित्रीबाई स्वर्गात गेल्या असतील का? न्याय देवाचा आहे, आपला नाही. पण ख्रिस्तसभा मोठ्या आशेने बोलते. ख्रिस्तसभेने कित्येकांना संत म्हणून घोषित केले, पण अमुक एक माणूस नरकात आहे असे कधीही घोषित केलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात शिकवले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे शुद्ध मनाने देवाचा शोध घेतात आणि विवेकाचे ऐकतात, त्यांचेही तारण होऊ शकते. हे तारण ख्रिस्ताला वगळून होत नाही, ख्रिस्ताच्याच कृपेने होते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात नीतिमान लोक आश्चर्याने विचारतात की, प्रभू, आम्ही तुला कधी आजारी पाहिले? मुंढव्याचे ते पोर पाठीवर घेताना आपण कोणाला उचलतो आहोत हे कदाचित त्या माउलीलाही ठाऊक नसेल. ज्याला उचलले त्याला ठाऊक आहे.

त्याच दस्तऐवजात आपल्यासाठी इशाराही आहे. ख्रिस्तसभेत राहूनही जो प्रीतीत टिकत नाही, तो देहाने आत असला तरी मनाने बाहेर आहे, आणि त्याचे तारण होत नाही. त्या मुलीने सावित्रीबाईंची काळजी केली. आम्हाला काळजी आहे ती आपली.

या आठवड्यासाठी

1. वेगळ्या धर्माच्या कोणा माणसाने आपल्यावर उपकार केले आहेत, हे घरी सर्वांनी मिळून आठवावे आणि त्याचे नाव घेऊन प्रार्थना करावी.

2. आपण कोणाला रस्त्याच्या कडेला सोडून आलो आहोत? आजारी नातेवाईक, बोलणे बंद केलेला भाऊ, एकटी राहणारी शेजारीण? या आठवड्यात त्यांच्याकडे एकदा तरी जावे.

3. दृढीकरणाच्या वर्गातील मुलांनी असेच प्रश्न विचारत राहावे. उत्तर लगेच आले नाही तर फादरांना एक आठवडा द्यावा.

आपला,
धर्मगुरू