कोंबडीचं सुख आणि अंड्याचा भाव

जाफराबाद तालुक्यात आमची शेती आहे. मका, सोयाबीन, थोडी कपाशी. जोडीला बऱ्याच वर्षांपासून मी परसात मोकळ्या कोंबड्या पाळते आणि अंडी विकते. "ताई, पांढरं अंडं एवढं स्वस्त, मग तुमचं दुप्पट का?" हा प्रश्न नेहमीचा, आणि तो रास्तच आहे. कोंबडीला नीट जगू द्यायचं की अंडं स्वस्त ठेवायचं, या ओढाताणीत जे शिकले ते सांगते.

१. कोंबडीला काय हवं, ते तीच दाखवते.
सकाळी खुराड्याचं दार उघडलं की ती आधी उकिरडा उकरते. ऊन चढलं की कोरड्या मातीत खळगा करून धूळ अंगावर घेते. पिसांतल्या उवा त्यानं झडतात. अंडं घालण्याआधी आडोसा शोधते, गवत पायानं सारखं करते. दिवस मावळला की उंच जागा धरते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही.
पिंजऱ्यात यातलं काहीच करता येत नाही. तिथं एका कोंबडीच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी ४५० ते ५५० चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे तिची जागा त्याहूनही कमी. पंख पसरता येत नाहीत. एकमेकींना टोचू नये म्हणून पिल्लू असतानाच चोचीचं टोक कापतात. रोजच्या कवचाला लागणारं कॅल्शियम हाडांतून जातं आणि हालचाल नसल्यानं हाडं ठिसूळ होतात. हे तिनं वर्षभराहून जास्त काळ सोसायचं असतं.

२. पिंजरेवाल्याला दुष्ट ठरवून काही हाती लागत नाही.
पिंजऱ्यात विष्ठा खाली पडते, अंडं घरंगळून पुढं येतं, रक्ती हगवणीचा त्रास कमी होतो आणि थोडी माणसं हजारो कोंबड्या सांभाळतात. १९८२ मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली, अंड्याचे भाव रोज जाहीर होऊ लागले, उत्पादकाला व्यापाऱ्याच्या तोंडाकडे बघायची गरज कमी झाली. अंडं साध्या घरात पोचलं. हे काम मोठं आहे आणि ते मान्य करूनच पुढं बोललं पाहिजे.

३. मोकळं सोडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे.
मुंगूस, रानमांजर, घार, गावातली कुत्री यांची नजर कायम कोंबड्यांवर असते. मानमोडीची साथ आली आणि लस टोचलेली नसली, तर सगळं खुराडं रिकामं होतं. लासोटा लशीचे थेंब वेळेवर, जंताचं औषध वेळेवर, रात्री पक्कं दार, मे महिन्यात दाट सावली आणि गार पाणी एवढं दिलं तरच त्या मोकळेपणाला अर्थ आहे. कोंबडीला घाम येत नाही. बेचाळीस अंशांत ती चोच उघडून धापा टाकते, खाणं सोडते, कवच पातळ होतं. राखण करायची तयारी नसेल, तर दयेच्या नावाखाली कोंबड्या पाळू नयेत.

४. भावातला फरक दाण्यात आहे.
पिंजऱ्यातली लेअर कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेवर अंडी देते. एका अंड्यामागे साधारण १३० ग्रॅम खाद्य पडतं. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधे खुडूक बसते, पिल्लं फिरवते. ती किडे-मुंग्या, पाला खाते, तरी दिवसाला ५० ग्रॅम दाणा धरला तर वर्षाला १८ किलो होतो. सत्तर अंड्यांत वाटला की अंड्यामागे २६० ग्रॅम. दाणाच दुप्पट. वर राखणीचे कष्ट आणि मेलेल्या कोंबड्यांचं नुकसान. वनराजा, गिरिराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती घेतल्या तर अंडी वाढतात आणि हा फरक कमी होतो, पण मिटत नाही. श्रावणात मागणी पडते तेव्हाही कोंबडी खातच असते.

५. गिऱ्हाइकाला खरं तेवढंच सांगावं.
कवचाचा रंग जातीवर ठरतो. तपकिरी अंडंही पिंजऱ्यातलं असू शकतं. मोकळ्या कोंबडीच्या अंड्यात ताकद दुप्पट असते, असं मी कधी सांगत नाही. पांढऱ्या अंड्यातही सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. "कोंबडी बरी जगते, म्हणून दोन पैसे जास्त द्या," एवढंच सांगते. ज्याला पटतं तो परत येतो.

६. गरिबाच्या ताटातलं अंडं महाग करून कोंबडीचं भलं करू नये.
नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला आणि लोकवर्गणीचा मार्ग दाखवला. ज्यांचे आईबाप ऊसतोडीला जातात, त्या मुलांच्या ताटात अंडं गेलंच पाहिजे, मग ते पिंजऱ्यातलं का असेना. आज तरी मी मुलाची बाजू आधी घेते.

७. एकट्या शेतकऱ्यानं पिंजरा उघडला तर तो बुडतो.
शेजारचा स्वस्त विकतो आणि गिऱ्हाईक तिकडं वळतं. म्हणून नियम सगळ्यांना एकदम लागू हवा. प्राण्यांना पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणं हा प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानंच गुन्हा आहे. २०१७ मध्ये विधी आयोगानं कोंबड्यांच्या पालनावर वेगळा अहवाल दिला. युरोपीय संघानं १९९९ मध्ये ठरवून २०१२ पासून काहीच सोय नसलेले पिंजरे बंद केले. मधली बारा वर्षं उत्पादकांना बदलायला मिळाली. आपल्याकडेही अशी मुदत, जमिनीवर भुशाची गादी अंथरलेल्या शेडसाठी स्वस्त कर्ज, आणि शाळा-अंगणवाडीसाठी गावातल्या बचत गटांकडून चांगल्या भावानं खरेदी, हे तिन्ही एकत्र झालं तर बोजा एकाच्या माथी पडणार नाही.

८. ज्याला परवडतं, त्यानं आधी द्यावं.
कोंबडीच्या सुखाला किंमत आहे. ती आज कोंबडी स्वतःच्या हाडांतून भरते. ती मजूर बाईच्या पिशवीतून वसूल करणं मला मान्य नाही. पण जालन्यात, संभाजीनगरात, पुण्यात ज्यांना अंड्यामागचे चार-पाच रुपये जड नाहीत, त्यांनी भावासोबत आणखी दोन प्रश्न विचारावेत: कोंबडी जमिनीवर चालते का, आणि तिला अंडं घालायला आडोसा आहे का? उत्तर होय असेल तर घासाघीस करू नये. असं गिऱ्हाईक वाढलं, तरच मोकळ्या कोंबड्या पाळणारे आम्ही टिकू, आणि आम्ही टिकलो, तरच उद्या सरकारला "हे जमतं" असं दाखवता येईल.