पाच वाजून सतरा मिनिटे : साक्ष, वेळ आणि ‘तबय्युन’

दिव्य कुरआनातील सूरह अल-हुजुरातमध्ये (49:6) ईमानधारकांना आदेश आहे की, एखादा अविश्वासू मनुष्य वार्ता घेऊन आला तर तिची शहानिशा करावी. अन्यथा अजाणतेपणी एखाद्या लोकसमूहाला इजा पोहोचेल आणि मागाहून आपल्याच कृत्याचा पश्चात्ताप करावा लागेल. या शहानिशेसाठी आयतीत आलेली संज्ञा ‘तबय्युन’ या धातुरूपाची आहे. तबय्युन म्हणजे गोष्ट उघड, स्वच्छ होईपर्यंत थांबणे आणि ती स्वच्छ करून घेणे.

सटाण्यातील आमच्या अभ्यासवर्गात इशाच्या नमाजनंतर ही आयत चालू होती. बारावीत शिकणाऱ्या एका मुलाने विचारले, “सर, शहानिशा करायची म्हणजे नेमके काय करायचे?” त्याच्या मोबाइलवर त्याच दिवशी एक संदेश आला होता. गांधीजींना तीन नव्हे, चार गोळ्या लागल्या होत्या आणि खरा मारेकरी कोणी वेगळाच होता, असा त्यात दावा होता. प्रश्न प्रामाणिक होता. पुढील तीन बैठका आम्ही 30 जानेवारी 1948 च्या त्या एका संध्याकाळीवर घालवल्या. प्रस्तुत लेखात त्याच अभ्यासाचा सारांश वाचकांपुढे ठेवत आहे.

आरंभ सर्वांत जुन्या कागदापासून केला. हत्येनंतर त्याच संध्याकाळी दिल्लीच्या तुघलक रोड पोलीस ठाण्यात पहिली फिर्याद नोंदली गेली. ती उर्दूत आहे. फिर्याद देणारे नंदलाल मेहता त्या वेळी बिर्ला हाऊसमध्ये हजर होते. त्यांनी सांगितले ते असे : पाच वाजून दहा मिनिटांच्या सुमारास गांधीजी खोलीतून निघाले, दोन मुलींच्या खांद्यांवर त्यांचे हात होते, पायऱ्या चढून ते सहा-सात पावले चालले असतील-नसतील तोच एक माणूस पुढे आला आणि त्याने दोन-तीन फुटांवरून पिस्तुलाच्या तीन गोळ्या झाडल्या, गांधीजी ‘राम राम’ म्हणत मागे कोसळले, मारेकरी जागीच पकडला गेला.

या कागदात दोन चुका आहेत. मारेकऱ्याचे नाव ‘नारायण विनायक गोडसे’ असे लिहिले आहे. ते नथुराम विनायक गोडसे. मनुबेन गांधी यांचे नाव ‘सन्नो’ असे आले आहे. (घाईत लिहिलेल्या उर्दूत मीम आणि सीन यांची गल्लत होणे अशक्य नाही, हे उर्दू वाचणाऱ्या वाचकांच्या ध्यानी येईलच.) वर्गातील एकाने लगेच म्हटले, “नावच चुकले असेल तर साक्षीचा काय भरवसा?”

येथे हदीसशास्त्राची शिस्त उपयोगी पडते. हदीसच्या विद्वानांनी रावीकडे, म्हणजे कथन करणाऱ्याकडे, दोन गुण पाहिले. एक ‘अदालत’, म्हणजे सचोटी. दुसरा ‘जब्त’, म्हणजे ऐकलेले-पाहिलेले अचूक जपण्याची क्षमता. प्रामाणिक रावीही एखाद्या शब्दात चुकतो. तेव्हा त्या शब्दापुरती चूक नोंदवावी, संपूर्ण कथन फेकून देऊ नये, अशी त्यांची पद्धत होती. मेहतांनी स्वतःच म्हटले आहे की, मारेकऱ्याचे नाव आपल्याला मागाहून कळले. म्हणजे अंतर, गोळ्या, पडणे, पकडणे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. नाव मात्र कानावर आले होते. पाहिलेला भाग इतर साक्षीदारांशी जुळतो, ऐकलेला भाग चुकला. एकाच माणसाच्या तोंडी ‘पाहिले’ आणि ‘ऐकले’ असे दोन प्रकार असतात, आणि ते वेगळे काढावे लागतात. सूरह बनी इस्राईलमध्ये (17:36) ज्याचे ज्ञान नाही त्याच्या मागे लागू नका असे सांगताना कान, डोळे आणि हृदय या तिघांचाही जाब घेतला जाईल, असे तिघांचा स्वतंत्र उल्लेख करून बजावले आहे.

आता वेळ. प्रार्थना पाचला व्हायची होती. सरदार पटेलांशी चाललेले बोलणे लांबल्याने उशीर झाला. फिर्यादीत पाच-दहा आहे, आणि इतिहासाच्या पुस्तकांत गोळीबाराची वेळ पाच-सतरा दिली जाते. यात विरोध आहे का? नाही. पहिली वेळ खोलीतून निघण्याची आहे, तीही ‘सुमारास’ अशी; दुसरी गोळीबाराची. दोन वेळा दिसल्या की विसंगतीचा डंका पिटण्यापूर्वी त्या एकाच घटनेच्या आहेत का, हे पाहावे. आजच्या कटकथांपैकी बऱ्याच अशाच एका दुर्लक्षित ‘सुमारास’वर उभ्या असतात.

तारखा जुळवून असत्य पकडण्याची आपली परंपरा जुनी आहे. रावींनी खोटे वापरायला सुरुवात केली तेव्हा आम्ही त्यांच्याविरुद्ध तारखा वापरल्या, अशा अर्थाचे वचन इमाम सुफयान सौरी (रह.) यांच्या नावे प्रसिद्ध आहे. अमक्याकडून ऐकले म्हणणाऱ्याचा जन्म कधीचा आणि त्या अमक्याचा मृत्यू कधीचा, हे ते विचारत. बगदादमध्ये एकदा खैबरच्या रहिवाशांना जिझियातून सूट देणारा, पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या नावाचा दस्तऐवज पुढे आला. खतीब बगदादी (रह.) यांनी तो पाहून बनावट ठरवला. त्यावर साक्षीदार म्हणून हजरत मुआविया (रजि.) आणि हजरत साद बिन मुआज (रजि.) यांची नावे होती. खैबर हिजरी 7 मध्ये जिंकले गेले, हजरत मुआविया (रजि.) मक्काविजयाच्या वर्षी, हिजरी 8 मध्ये इस्लाममध्ये आले, तर हजरत साद (रजि.) हिजरी 5 मध्येच हे जग सोडून गेले होते.

हाच निकष ‘हे राम’च्या वादाला लावून पाहिला. गांधीजींच्या ओठी अखेरीस रामनाम होते की नाही, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्यांच्या अगदी शेजारी असलेल्या मनुबेन यांनी ते ऐकल्याचे लिहिले. गुरुबचन सिंग यांनी न्यायालयात तसे सांगितले. फिर्यादीत ‘राम राम’ आहे. शब्दांत थोडा फरक, आशय एकच. उलट बाजूस गोपाळ गोडसे यांनी सुटकेनंतर अनेकदा सांगितले की, असे काही उच्चारलेच गेले नाही. परंतु 30 जानेवारीला ते दिल्लीत नव्हते. हदीसच्या भाषेत बोलायचे तर येथे सनदच तुटलेली आहे.

गांधीजींचे सचिव व्ही. कल्याणम यांचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे. ते मागे काही अंतरावर होते. गांधीजी ‘हे राम’ म्हणालेच नाहीत असे विधान त्यांच्या नावे वर्षानुवर्षे फिरत राहिले. 2018 मध्ये त्यांनी स्वतः खुलासा केला : ते म्हणाले नाहीत असे मी कधीच म्हटले नाही, मला ऐकू आले नाही एवढेच म्हटले होते. ‘मी ऐकले नाही’ आणि ‘ते बोलले नाहीत’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. उसूलच्या विद्वानांचा नियम आहे की, ज्याने पाहिले-ऐकले त्याचे होकारार्थी कथन, ज्याला ते कळले नाही त्याच्या नकारापेक्षा वरचढ मानावे. पैगंबर (स.) यांनी काबागृहाच्या आत नमाज अदा केली, असे हजरत बिलाल (रजि.) यांचे कथन आहे, केली नाही, असेही एक कथन आहे. विद्वानांनी हजरत बिलाल (रजि.) यांचे कथन स्वीकारले, आणि दुसऱ्या कथनकर्त्यालाही खोटे ठरवले नाही.

येथवर अभ्यास बुद्धीचा होता. पुढचा भाग काळजाचा आहे.

गोळ्या झाडल्यानंतरच्या पहिल्या घटकेत मारेकरी कोण, हे बाहेरच्या जगाला ठाऊक नव्हते. फाळणीचा रक्तपात अद्याप थांबलेला नव्हता. लॉर्ड माउंटबॅटन बिर्ला हाऊसला पोहोचले तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडले की, हे मुसलमानाने केले. माउंटबॅटन यांनी तत्काळ उलट सुनावले की, मारेकरी हिंदू आहे. सोबतच्या सहकाऱ्याने, तुम्हाला हे कसे कळले, असे विचारले तेव्हा त्यांनी आपल्याला ठाऊक नसल्याचे मान्य केले. मात्र तो मुसलमान निघाला तर देशात भयंकर कत्तल होईल, असे ते म्हणाले. सहा वाजता आकाशवाणीने बातमी दिली तेव्हा मारेकरी हिंदू असल्याचे स्पष्ट सांगण्यात आले. एरवी गुन्हेगाराचा धर्म बातमीत सांगणे अनुचितच. त्या संध्याकाळी मात्र मौनाचाही अर्थ लावला गेला असता.

माउंटबॅटन यांनी केले ते योग्य होते का, यावर वर्गात बराच वाद झाला. त्यांच्या वाक्याने आमच्या बांधवांचे प्राण वाचण्यास मदत झाली असेल, म्हणून बहुतेकांना ते योग्य वाटले. मला विचाराल तर त्यांचा हेतू चांगला होता, पण ते ज्ञान नव्हते. अंदाज होता, आणि तो खरा निघाला. आकाशवाणीची पद्धत मला अधिक श्रेयस्कर वाटते : आधी खात्री, मग उच्चार. माझ्याशी सहमत न झालेलेही वर्गात होते, आणि त्यांचे म्हणणे दुबळे नव्हते.

पण खात्रीने सर्व भागत नाही. बातमी खरी होती : मारेकरी पुण्याचा, नाव गोडसे, जात ब्राह्मण. तबय्युन पूर्ण झाले होते. आणि मग आपल्या महाराष्ट्रात काय घडले? पुणे, मुंबई, सातारा, सांगली, कोल्हापूर, नागपूर येथे ब्राह्मणांची घरे, दुकाने, कारखाने पेटवण्यात आले. ज्यांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता अशी कुटुंबे आडनावामुळे बेघर झाली. अफवेने जे आमच्या वाट्याला येऊ शकले असते, ते खऱ्या बातमीने दुसऱ्यांच्या वाट्याला आले. कोणताही भार वाहणारा दुसऱ्याचा भार वाहणार नाही, हा कुरआनचा नियम (6:164) येथे लागू होतो. वार्तेची शहानिशा झाली तरी तिच्यावरून काढलेल्या निष्कर्षाची शहानिशा उरतेच. ‘एकाने केले’ यावरून ‘त्यांनी केले’ येथपर्यंत उडी मारायला पुरावा लागत नाही, म्हणूनच ती सर्वांत धोक्याची.

खटला लाल किल्ल्यात विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे चालला. सरकार पक्षाने 149 साक्षीदार तपासले. निकाल 10 फेब्रुवारी 1949 रोजी लागला. आठ आरोपींपैकी वि. दा. सावरकर निर्दोष सुटले. पुढे उच्च न्यायालयाने दत्तात्रय परचुरे आणि शंकर किस्तय्या यांनाही मुक्त केले. सावरकरांविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे दिगंबर बडगे या माफीच्या साक्षीदाराचे कथन. 17 जानेवारीला दादरच्या सावरकर सदनात आपण तळमजल्यावर थांबलो, गोडसे व आपटे वर गेले, आणि परतताना सावरकरांनी त्यांना यशासाठी निरोप दिला, असे त्याने सांगितले. वर काय बोलणे झाले हे त्याने ऐकले नव्हते. न्यायाधीशांनी बडगेला एकंदर सत्यवचनी मानले, तथापि या मुद्द्यावर त्याला स्वतंत्र दुजोरा नाही म्हणून सावरकरांना दोषी धरले नाही. ज्या साक्षीने साक्षीदाराचा स्वतःचा लाभ होतो किंवा त्याच्यावरचे संकट टळते, ती साक्ष आपल्या फिकहमध्येही स्वीकारली जात नाही.

पुढे न्या. जीवनलाल कपूर आयोगाने 1969 च्या अहवालात वेगळा सूर लावला. सावरकरांचे अंगरक्षक अप्पा कासार आणि सचिव गजानन दामले यांचे पोलिसांपुढील जबाब खटल्यात आलेच नव्हते. एकत्रित वस्तुस्थितीवरून सावरकर व त्यांच्या गटाचा कट याशिवाय दुसरा निष्कर्ष टिकत नाही, असे आयोगाने म्हटले. आपल्यापैकी अनेकांना येथे थांबून समाधान वाटते. मला वाटते, येथेच आपली परीक्षा आहे. आयोगापुढे सावरकर बाजू मांडायला नव्हते. फेब्रुवारी 1966 मध्ये त्यांचा मृत्यू झाला होता. दोन पक्ष तुझ्यापुढे बसले तर दुसऱ्याचे ऐकल्याखेरीज निर्णय देऊ नकोस, अशी शिकवण पैगंबर (स.) यांनी हजरत अली (रजि.) यांना दिली होती. सूरह अल-माइदामध्ये (5:8) एखाद्या समूहाविषयीच्या रागाने तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये, असे सांगितले आहे. ज्याच्याविषयी राग आहे त्याच्याच बाबतीत हे पाळायचे असते. म्हणून सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात : न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आणि आयोगाने पुढे असे नोंदवले. त्यांतील एकच सांगणे म्हणजे साक्ष लपवणे होय.

साक्ष लपवण्याच्या संदर्भात रुईया महाविद्यालयाचे प्रा. जगदीशचंद्र जैन यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. 20 जानेवारीला बिर्ला हाऊसमध्ये स्फोट घडवणाऱ्या मदनलाल पाहवाने त्यांच्याजवळ आधीच कटाची वाच्यता केली होती. प्राध्यापकांना ती पोकळ बढाई वाटली. स्फोटाची बातमी वाचताच त्यांनी 21 जानेवारीला मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना सर्व सांगितले. तेव्हा हत्येला नऊ दिवस अवकाश होता. साक्ष दिली गेली, ऐकलीही गेली, पण तिच्यावरून व्हायला हवे होते ते झाले नाही.

आता त्या मुलाचा मूळ प्रश्न. चौथ्या गोळीचा दावा प्रामुख्याने तत्कालीन वर्तमानपत्रांवर आणि छायाचित्रांवर उभा आहे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने नेमलेल्या न्यायमित्रांनी जुने दप्तर तपासून फेरतपासाला आधार नसल्याचे सांगितले आणि मार्च 2018 मध्ये याचिका फेटाळली गेली. मी हे त्याला आयते सांगितले नाही. ‘चौथी गोळी झाडताना कोणी पाहिले?’ एवढाच प्रश्न दिला. पुढच्या बैठकीला तो वही घेऊन आला. डावीकडे साक्षीदारांची नावे, उजवीकडे कोण कुठे उभे होते आणि त्याने केव्हा सांगितले. डावीकडे दूरवर उभे असलेले, ऐकीव सांगणारे आणि जन्मालाही न आलेले असे सगळे होते. चौथी गोळी पाहिली म्हणणारा जवळचा साक्षीदार त्याला सापडला नव्हता. ज्या गटातून संदेश आला होता तेथे त्याने हे लिहून टाकले, त्यावर त्याला दोघांनी बरेवाईट सुनावले.

पुढील पाठापूर्वी सूरह यूसुफच्या 16 ते 18 आणि 25 ते 28 या आयती घरी मुलांसह वाचाव्यात. पहिल्या ठिकाणी सर्व भावांची एकमुखी साक्ष आहे, डोळ्यांत अश्रू आहेत, रक्ताने माखलेला सदरा आहे, तरी हजरत याकूब (अ.) यांचा विश्वास बसत नाही. दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष पाहणारा कोणीच नाही, केवळ एक फाटलेला सदरा आहे, आणि त्यावरून सत्य उघड होते. लांडग्याने खाल्लेल्या मुलाचा सदरा कसा असायला हवा होता, हे मुलांना विचारून पाहावे. तफसीरकारांनीही हाच प्रश्न विचारला आहे.