जीभ बघण्याआधी पाजणं बघा

माझ्या लेकाच्या जिभेखालची तार कापली तेव्हा तो सोळा दिवसांचा होता. कापायला दहा सेकंदही लागले नाहीत. एक किंकाळी, कापसाच्या बोळ्यावर रक्ताचे दोन-तीन थेंब, आणि मला वाटलं, सुटलो. पण त्रास होता तिथेच राहिला. हे सगळं सांगतेय, कारण तुमच्या घरी पाळणा हलत असेल तर ही घाई तुमच्या हातून होऊ नये.

बाळंतपणाला मी माहेरी, मुक्ताईनगरला आले होते. एप्रिल संपत आलेला, भर उन्हाळा. बाळ जन्मलं तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होतं. चौथ्या दिवसापासून पाजायला घेतलं की माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. स्तनाग्रांना चिरा पडल्या. बाळ तासन्‌तास अंगाला लागलेलं, तरी भुकेलं. त्याच्या जिभेखाली बारीक तार दिसायची हे खरं. पण रडताना त्याची जीभ ओठाबाहेरही यायची, त्याचा अर्थ मला कळला नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "तार आहे, बोबडं बोलेल." आईने कोथळीच्या मुक्ताईला नवस बोलला आणि आम्ही शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. तिथे बाळाचं तोंड उघडून पाहिलं आणि तार कापली. मी पाजते कशी हे कोणी पाहिलं नाही, वजन कोणी केलं नाही. आणि मीही काही विचारलं नाही.

पुढचे दोन दिवस बाळाने अंगावर घ्यायचंच सोडलं. दूध काढून वाटी-चमच्याने पाजलं. परत प्यायला लागलं तेव्हा दुखणं तसंच.

एकविसाव्या दिवशी आशाताई आली. झोळीत घालून वजन केलं: २ किलो ७५० ग्रॅम. जन्मापेक्षाही कमी. माझं काळीज हललं. ती खाटेवर शेजारी बसली आणि म्हणाली, "पाज बरं ताई, मला बघू दे."

तीन आठवड्यांत हे वाक्य पहिल्यांदा कानावर पडलं. मी बाळावर वाकत होते आणि त्याच्या तोंडात नुसतं टोक जात होतं. सोडवलं तर स्तनाग्र एका बाजूने चेपून पांढरं पडलेलं. तिने बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं, मानेमागून आधार दिला, जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबवलं आणि मग हनुवटी आधी टेकवून जवळ घ्यायला लावलं. खालच्या बाजूचा काळा भाग बराचसा आत गेला. थोड्या वेळाने गट्‌ गट्‌ आवाज आला. दुखलं नाही. त्याच दिवशी तिने आम्हाला सरकारी दवाखान्यात नेऊन बाळाला तपासून घेतलं. अठ्ठाविसाव्या दिवशी वजन भरलं २ किलो ९५० ग्रॅम.

तार कापणं चूकच, असं मी म्हणत नाही. पुढच्या वर्षी माझ्या जावेच्या मुलीला तारेचा त्रास खरोखर होता. जीभ हिरडीपुढे येईना, रडताना टोकाला बदामासारखी खाच पडायची. पकड सुधारूनही दुखणं थांबेना, वजन वाढेना. तिची तार कापली आणि त्याच दिवशी जावेला आराम पडला. फरक एवढाच की तिथे आधी पाजणं पाहिलं होतं.

अभ्यासही हेच सांगतात. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात ५ चाचण्यांतली ३०२ बाळं होती. तार कापल्यावर आईचं दुखणं काही काळ कमी झालं, पण बाळाचं पिणं हमखास सुधारतं असं दिसलं नाही. २०१९च्या एका अमेरिकन अभ्यासात कापण्यासाठी पाठवलेल्या ११५ बाळांचं आधी नीट पाजणं तपासलं, तर जवळपास ६३ टक्के बाळांना कापायची गरज उरली नाही.

म्हणून निर्णयाआधी एवढं करा:

वजन मोजा. पहिल्या दिवसांत थोडं घटतं, पण दोन आठवड्यांत जन्माइतकं भरायला हवं. पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले व्हावेत. तसं होत नसेल, बाळ सुस्त किंवा पिवळं दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आशाताईला बोलवा. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी तिची घरभेट ठरलेली असते. आमची चौदाव्या दिवसाची भेट धावपळीत चुकली, तुम्ही चुकवू नका.

कापायचं ठरलंच तर विचारा: पकड सुधारून पाहिली का? जन्मतः व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं होतं का? घरात कोणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का? कापल्यावर पाजायला कोण मदत करणार?

बोलण्याच्या भीतीने तान्ह्याची तार कापू नका. र, ल, ट, ळ अडतात का, हे तीन-चार वर्षांचं झाल्यावर वाचातज्ज्ञ पाहू शकतात. मूल उशिरा बोलत असेल तर आधी कान तपासा. जिभेला वेखंड किंवा मध लावू नका. वर्षाच्या आत मध धोक्याचाच. आणि आपल्याकडे कितीही ऊन तापलं तरी सहा महिन्यांपर्यंत पाणी नको, आईचं दूधच पुरतं.

आता गल्लीत कोणी बाळंतीण रडवेली दिसली, की मी बाळाच्या तोंडात बोट घालत नाही. शेजारी बसते आणि म्हणते, "पाज बरं ताई, मला बघू दे."