दंतमूळ आणि प्रकाश

पेण-रोह्याकडे दात ठणकला की लवंग धरून दिवस काढायचे व अखेर तो उपटून घ्यायचा, हे आम्ही पाहत आलो आहोत. वस्तुतः असे अनेक दात रूट कॅनालने वाचतात. मुळातील नलिका सुयांनी व सोडियम हायपोक्लोराइटने स्वच्छ केल्यावरही तिच्या सूक्ष्म फाट्यांत चिवट जंतू उरू शकतात. तेथे मिथिलीन ब्लू हा रंग भरून सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश सोडतात. त्याने प्राणवायू क्रियाशील होऊन जंतू मरतात. रंग व प्रकाशाचा असा परिणाम ऑस्कर राब यांनी १९०० मध्ये म्युनिकहून प्रसिद्ध केला. प्रकाश मात्र पूरक आहे, स्वच्छतेला पर्याय नव्हे. म्हणून पालकांनी मुलाचा दात उपटण्यापूर्वी तो वाचेल का, हे दंतवैद्यास अवश्य विचारावे.