खासगी शाळा कोणासाठी?



पनवेलहून रोह्यास जाणाऱ्या लोहमार्गावर नागोठणे व रोहा यांच्यामध्ये निडी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. एका अंगास नागोठण्याचा मोठा कारखाना, दुसऱ्या अंगास धाटावची औद्योगिक वसाहत, आणि मधल्या टापूत भातशेतीची गावे व कातकरी वाड्या. अशा गावांतून जून महिना जवळ आला की आईबापांपुढे एक प्रश्न उभा राहतो. मुलास गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवावे, की फी भरून दूरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवावे? हा प्रश्न एका घराचा वाटतो. पण तो साऱ्या गावाचा आहे. म्हणून खासगी शाळांचे देशाच्या शिक्षणात खरे स्थान कोणते, ह्याचा ह्या पाठात आपण विचार करू.

१. प्रारंभ खासगी हातांनी झाला

मुंबई इलाख्यातील सरकारी शिक्षणखाते १८५५ साली स्थापन झाले. त्यापूर्वीच अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१५ साली मुंबईत शाळा काढली होती, व १८२४ साली मुलींसाठीही शाळा उघडली होती. पुढे आपल्या किनाऱ्यावर अलिबाग व रेवदंडा येथेही त्यांच्या शाळा चालल्या, आणि त्यांत बेने इस्राएल समाजाची मुले शिकली. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, व सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. ह्या सर्व शाळा खासगीच होत्या. त्यांची थोरवी कशात होती? जेथे कोणी जात नव्हते तेथे त्या गेल्या, व ज्यांस कोणी घेत नव्हते त्यांस त्यांनी घेतले, ह्यात होती.

२. सरकारचा हात व खासगी हात

१८५४ साली विलायतेहून आलेल्या शिक्षणविषयक खलित्याने अनुदानाची पद्धत घालून दिली. शाळा लोकांनी चालवावी, सरकारने काही पैसा द्यावा व तपासणी करावी, असा तिचा आशय होता. परंतु एवढ्याने गरिबाच्या दारी विद्या येत नाही, हे फुल्यांनी ओळखले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितले की, कर रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात. ह्यास्तव बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. सर्वांस शिकविण्याचा भार सरकारनेच उचलला पाहिजे, हा ह्याचा अर्थ होय.

मग खासगी संस्थेने काय करावे? भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. खेड्यापाड्यांत संस्थेने प्राथमिक शाळाही उघडल्या, व त्या पुढे सरकारी मंडळांच्या स्वाधीन केल्या. वाट आधी पाडून द्यावी, मग ती सर्वांच्या मालकीची व्हावी, असे हे काम होते. आजही आपल्या खेड्यांतील पुष्कळशी माध्यमिक विद्यालये खासगी संस्थांचीच आहेत. मात्र शिक्षकांचा पगार सरकारी अनुदानातून येतो.

३. दुसऱ्या प्रकारची शाळा

महाराष्ट्रात २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. ह्या शाळांस सरकारी अनुदान नसते. त्या फीवर चालतात. अशा शाळेत मूल घालणाऱ्या आईबापांस आम्ही दोष देत नाही. गावच्या शाळेत दोनच शिक्षक असतील व चार वर्ग असतील, तर त्यांची चिंता खोटी नव्हे.

तथापि पुढे काय होते ते पाहा. फी देऊ शकणारी मुले गेली म्हणजे गावच्या शाळेचा पट घटतो. शिक्षकांची संख्या पटावर ठरते, म्हणून शिक्षक कमी होतात. दाद मागणारे पालकही निघून जातात. २०२३ साली तर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या व पावसाच्या तोंडी परतणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या मुलास जवळची शाळा अंतरली, तर त्याची शाळाच अंतरली. गाडीत बसलेल्या मुलाचे कल्याण होईल; परंतु त्याची किंमत मागे राहिलेल्या मुलाने द्यावी काय? नव्याण्णव मेंढरे व एक मेंढरू, हा हिशेब आपल्या लोकांस नवा नाही.

इतर देशांचा अनुभव असाच आहे. चिली देशात १९८१ पासून सरकारी पैसा विद्यार्थ्यामागोमाग खासगी शाळांकडे जाऊ लागला. शाळा मुले निवडू लागल्या, आणि सधन व निर्धन यांची मुले वेगळी पडली. शेवटी २०१५ साली अनुदानित शाळांतील नफा, निवड व फी हळूहळू बंद करण्याचा कायदा तेथे करावा लागला. उलट बांगलादेशात ब्रॅक नावाच्या संस्थेने १९८५ पासून एका खोलीच्या शाळा चालविल्या. त्या शाळा सुटलेल्या मुलांसाठी, विशेषतः मुलींसाठी होत्या. आणि तेथे शिकलेली पुष्कळ मुले पुढे सरकारी शाळेत जात. दोन्ही कामे खासगीच. पण केवढा हा भेद!

४. कायदा काय म्हणतो

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांस फीवाचून द्यावयाच्या असतात. सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळांस ह्यातून सूट, असा नियम महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलै महिन्यात रद्द केला.

अल्पसंख्याकांच्या शाळांस मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ह्या कायद्यातून वगळले. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका घेतली. न्यायालये काय ते ठरवितील. परंतु मिशनच्या ज्या शाळा दुबळ्यांस घेण्यासाठी जन्मास आल्या, त्यांनी कायद्याची सूट पुढे करून दुबळ्यांस दार लावून घ्यावे, हे आम्हांस शोभणारे नव्हे.

५. आपण काय करावे

पहिले हे की, शाळा इमारतीवरून व गणवेशावरून पारखू नये. आपले मूल आपल्या इयत्तेचे पुस्तक समजून वाचते काय, हे घरी बसून पाहावे. दुसरे असे की, गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. त्या जागी आपल्या लोकांनी बसावे, आणि शिक्षक वेळेवर येतात की नाही हे विचारावे. तिसरे, ज्या उपदेशकांस मोबाइलवर अर्ज भरता येतो, त्यांनी पंचवीस टक्के जागांचे अर्ज वाडीतील गरिबांस भरून द्यावेत. चौथे, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले कोणाच्या घरी ठेवून शिकविता येतील, ह्याचा मंडळीने दिवाळीपूर्वीच विचार करावा.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

(अ) आपल्या गावात शाळेबाहेर असलेली मुले कोणती? त्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत काय?

(ब) गावच्या शाळेचा पट गेल्या पाच वर्षांत वाढला की घटला? का?

(क) जवळची खासगी शाळा कोणास घेते व कोणास घेत नाही?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर पुढच्या सभेपूर्वी वाडीवर जाऊन ते घेऊन यावे.