फिरतीचा वेळ कोणत्या रकान्यात?

शासकीय कार्यालयांत फिरतीची दैनंदिनी ही जुनी गोष्ट आहे. कोणत्या दिवशी कोणत्या गावी गेलो, काय पाहिले, केव्हा परतलो, हे लिहिण्याची शिस्त अनेक खात्यांत रुजलेली आहे. महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने लिहिलेली दैनंदिनी ओळखण्यास मात्र फारसा अनुभव लागत नाही. आता समाजसेवेच्या कामातील प्रकरणे संगणकावर नोंदविली जातात, आणि प्रत्येक प्रकरणावर कर्मचाऱ्याचा किती वेळ खर्च झाला, हे लिहिण्याची सोयही अशा अनेक प्रणालींत असते. शाई गेली, सवय गेली असे मात्र म्हणवत नाही.

हा प्रश्न केवळ कार्यालयीन शिस्तीचा नव्हे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ अन्वये काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावयाचे असते. त्याच्या घरची सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि बालक प्रथम हजर केल्यापासून ४ महिन्यांत समितीला अंतिम आदेश देता यावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. मुदती कायद्याने घातल्या. त्या पाळण्यास एका जिल्ह्यात किती माणसे लागतील, हे मात्र त्यांच्या कामाचे खरे तास कळल्याशिवाय ठरविता येत नाही.

समजा, एक सामाजिक कार्यकर्ती अशा तपासणीसाठी दूरच्या पाड्यावर गेली. बसने आणि पुढे पायी जाण्यायेण्यात अडीच तास गेले. आई मजुरीवर गेलेली. तिची वाट पाहण्यात ४० मिनिटे गेली. प्रत्यक्ष बोलणे ३५ मिनिटांचे झाले. कार्यालयात परतून अहवाल लिहिण्यास एक तास लागला. एकूण वेळ ४ तास ४५ मिनिटे. प्रणालीत 'गृहभेट' एवढाच रकाना असेल आणि तिने प्रामाणिकपणे ३५ मिनिटे लिहिली, तर नोंद खोटी नाही; पण तिच्यावरून काढलेला हिशेब खोटा ठरतो. महिन्याचे कामाचे १६० तास धरले, तर ३५ मिनिटांच्या हिशेबाने एक व्यक्ती २७४ भेटी देऊ शकते. प्रत्यक्षात ३३ च होतात. पदे मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे पहिला आकडा गेला, तर कर्मचारी कमी मिळतात. मग भेटी घाईने उरकल्या जातात, आणि बालकाला घरी परत पाठवावे की नाही, याचा निर्णय अपुऱ्या माहितीवर होतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या नोंदीला पैशाचीही बाजू आहे, त्यामुळे तेथे तिचा विचार अधिक बारकाईने झाला. सामाजिक सुरक्षा कायद्यातील पालक-कुटुंबात ठेवलेल्या बालकांसंबंधीच्या प्रकरणाखाली पात्र प्रशासकीय खर्चाचा ५० टक्के व प्रशिक्षणाच्या खर्चाचा ७५ टक्के वाटा संघ सरकार देते. एकच कर्मचारी दिवसभरात निरनिराळ्या योजनांची कामे करतो. तेव्हा त्याच्या वेतनाचा कोणता भाग कोणत्या योजनेवर टाकावा, हा हिशेब वेळेवरूनच मांडावा लागतो. संघीय अनुदानाच्या नियमांनुसार वेतनाच्या नोंदी प्रत्यक्ष केलेल्या कामाशी जुळल्या पाहिजेत. आरंभी अंदाजाने ठरविलेली टक्केवारी हाच खर्चाचा पुरावा मानता येत नाही.

प्रत्येकाने प्रत्येक तास लिहावा, हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग नमुना-क्षणांचा. संगणक यदृच्छेने एक क्षण निवडतो आणि एखाद्या कर्मचाऱ्यास विचारतो: या मिनिटाला आपण कोणते काम करीत होता? अशी पुष्कळ उत्तरे एकत्र केली, की कार्यालयाचा किती वेळ कोणत्या कामात जातो, याचे प्रमाण मिळते. या पद्धतीचे मूळ कापड गिरणीत आहे, हे ऐकून मुंबईच्या वाचकास नवल वाटेल. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी १९३० नंतरच्या दशकात तेथील सूतगिरणी उद्योगात काम करताना ही युक्ती मांडली. मागावर दिवसभर घड्याळ लावून बसण्याऐवजी अधूनमधून पाहावे, आणि तो चालू आहे की बंद, एवढेच टिपावे. तथापि नमुन्याने कार्यालयाचे प्रमाण कळते, एका बालकाच्या प्रकरणावर किती श्रम पडले ते कळत नाही. त्यासाठी प्रकरणवार नोंदीला पर्याय नाही.

मग नोंद बिघडते कोठे? कर्मचाऱ्याची अप्रामाणिकता हे सोपे उत्तर आहे, आणि बहुधा अपुरे. प्रवास, प्रतीक्षा, लेखन, दूरध्वनी, समितीपुढील हजेरी यांना स्वतंत्र रकाने नसले, की सर्व वेळ 'इतर' या गाठोड्यात जातो. 'इतर'चे तास वाढले म्हणून वरून विचारणा झाली, की पुढच्या महिन्यात ते आपोआप कमी होतात. काम मात्र तेवढेच राहते. ज्या कार्यालयात वेळेची नोंद ठपका ठेवण्यासाठी उघडली जाते, तेथे प्रत्येकाचा दिवस बरोबर ८ तासांचा भरतो. रोजचे ८ तास, ना एक मिनिट अधिक ना उणे, अशी नोंद दिसली तर पर्यवेक्षकाने समाधान मानू नये, चौकशी करावी. जादा थांबलेला वेळही लिहिला गेला पाहिजे. तो लपला, तर कामाचा बोजाही लपतो.

नोंद त्याच दिवशी, काम करणाऱ्यानेच करावी. दुसऱ्याच्या संकेतशब्दाने नोंदी भरण्याचा प्रघात सोयीचा वाटतो. पण त्यामुळे नोंदीला कोणी धनी उरत नाही. एका फेरीत तीन घरे झाली, तर प्रवासाचा वेळ तिन्ही प्रकरणांत पुन्हा पुन्हा न लिहिता विभागून लिहावा. कामाच्या वर्णनात बालकाचे नाव, गाव किंवा शाळा येऊ देऊ नये, प्रकरण क्रमांक पुरेसा आहे. ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे आणि वेळेचे तक्ते लेखा शाखेपासून लेखापरीक्षकापर्यंत अनेकांच्या नजरेखालून जातात.

शाळेत वा ग्रामपंचायतीत चौकशीस आलेल्या कार्यकर्तीला मुख्याध्यापक अथवा सरपंच यांची वाट पाहावी लागते, तो वेळही त्या बालकाच्या प्रकरणाचाच असतो. भेटीची वेळ आधी ठरवून पाळली गेली, तर तेवढाच वेळ दुसऱ्या घरी देता येतो.

दुर्गम भागात संपर्कयंत्रणा चालत नाही, तेथे खिशातील वहीत वेळ टिपून नंतर संगणकावर चढविण्यास हरकत नाही. मात्र काम केल्याची वेळ व नोंद केल्याची वेळ असे दोन रकाने असावेत. उशिरा केलेली नोंद उशिरा म्हणूनच दिसावी. दुरुस्ती करावी लागल्यास मूळ आकडा पुसला न जाता तो शेजारी राहावा, आणि दुरुस्ती कोणी व कोणत्या कारणासाठी केली, तेही लिहिलेले असावे.