टी-टाइमच्या आधी रस्ता

नकाशावर ग्लासगो आणि मॅक्रिहॅनिश शेजारी शेजारी दिसतात. पण मधे समुद्राचे फाटे जमिनीत लांबवर घुसलेत, त्यामुळे गाडीरस्ता वळसे घेत घेत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. मॅक्रिहॅनिश म्हणजे स्कॉटलंडच्या किन्टायर द्वीपकल्पाच्या टोकाकडचं एवढंसं खेडं. 1879 मध्ये ओल्ड टॉम मॉरिसने इथलं गोल्फचं मैदान आखलं. पहिल्या टीवरून चेंडू थेट वाळूच्या किनाऱ्यावरून पलीकडे काढायचा असतो. त्या एका फटक्यासाठी आम्ही चौघे पुण्याहून निघालो होतो.

आखणी एजंटने केली होती: सकाळी ग्लासगोला उतरायचं, गाडी घ्यायची, दुपारी खेळायचं. पण आदल्या रात्री धो धो पाऊस झाला आणि ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाच्या घाटातला रस्ता दरडीच्या भीतीने बंद झाला. पावसाळ्यात आपला माळशेज जसा बेभरवशाचा, तसाच हा घाट. टिंड्रम, डालमॅली असा वळसा घालून पोचेपर्यंत आमचा टी-टाइम कधीच उलटून गेला होता. मुक्कामाच्या ठिकाणी स्वयंपाकघरही बंद झालेलं. चिप्स आणि बिस्किटांवर रात्र काढली. खेळ हुकल्याचं दुःख मात्र जेवणाने भरून निघालंही नसतं. वर्षभर पैसे साठवून, रजा जुळवून माणूस एवढ्या लांब येतो.

म्हणून सांगतो, पोचण्याच्या दिवशी मुख्य मैदानाची वेळ घेऊच नका. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. वेळेत पोचलात तर शेजारच्या पॅन्स या नऊ होलच्या मैदानावर हात मोकळा करता येईल. मोठा सामना दुसऱ्या दिवशी ठेवा आणि त्यानंतरचा एक दिवस पूर्ण रिकामा सोडा. साउथएंडजवळचं डनाव्हर्टीचं मैदानही बघण्यासारखं आहे, ते त्या रिकाम्या दिवसात बसतं. आर्ड्रॉसनहून कॅम्पबेलटाउनला उन्हाळ्याच्या हंगामात फेरी ठेवलेली असते, पण ती चालू आहे का ते आधी तपासा, आणि वारा वाढला की तीही रद्द होते. तिच्या भरवशावर परतीचं विमान ठरवू नका.

गाडीचंही तसंच. चार माणसं, चार गोल्फ बॅगा आणि सुटकेसेस साध्या कारमध्ये मावत नाहीत. व्हॅनच घ्या, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा. येरवड्याच्या पूना क्लबवर कॅडी बॅग उचलतो, ती सवय मॅक्रिहॅनिशला अडते. कॅडी हवा तर आगाऊ कळवावं लागतं, नाहीतर ट्रॉली ओढत अठरा होल वाऱ्यात चालावे लागतात. त्याची तयारी महिनाभर आधी घरूनच सुरू करा. हँडिकॅपचं प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा. पावसाळी जॅकेट आणि पँट चांगल्या प्रतीची घ्या, तिथे काटकसर करू नका. शाकाहारी असाल तर जेवणाचं मुक्कामाच्या जागी आधी बोलून ठेवा आणि रात्री किती वाजेपर्यंत वाढतात तेही विचारा.

आणि पैसे भरण्याआधी एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: घाट बंद झाला किंवा फेरी रद्द झाली तर माझ्या टी-टाइमचं काय? याचं स्पष्ट उत्तर मिळालं नाही, तर त्याच्याकडून आखणी करून घेऊ नका.